गोमाशीच्या सोंडेवरून

सिंधू नदीच्या पश्चिम काठावर डेरा इस्माईल खान हे इंग्रजांचं लष्करी ठाणं होतं. आज ते पाकिस्तानात आहे. १८८० साली दुसरं अफगाण युद्ध सुरू होतं आणि या ठाण्यात घोडे, खेचरं, उंट यांचा सतत राबता होता. त्या जनावरांमध्ये एक रोग ठाण मांडून बसला होता. घोडा चारा-दाणा व्यवस्थित खायचा, तरी दिवसेंदिवस वाळत जायचा. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. पायांवर आणि पोटाखाली सूज यायची, डोळ्यांच्या आतली लाली जाऊन फिकट पिवळेपणा यायचा आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, सगळं संपायचं. लोक या रोगाला सर्रा म्हणत. सर्रा झालेला घोडा वाचत नाही, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं होतं.

पंजाब सरकारने या रोगाचा छडा लावायचं काम ग्रिफिथ एव्हान्स या लष्करी पशुवैद्याकडे सोपवलं. एव्हान्स मूळचे वेल्सचे, जन्म १८३५चा. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजात शिकून ते लष्करात गेले. कॅनडात नेमणूक असताना त्यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून माणसांच्या वैद्यकाची पदवीही घेतली. जनावराचा रोग आणि माणसाचा रोग एकाच नजरेने बघू शकणारी अशी माणसं त्या काळी लष्करात क्वचितच सापडत. १८७७ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि तीन वर्षांनी डेरा इस्माईल खानच्या आजारी घोड्यांपर्यंत पोचले.

त्यांनी आजारी घोड्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तेव्हा त्यांना जे दिसलं, ते आजही रोगनिदान करणाऱ्या कुठल्याही पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत बघता येतं. ताज्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, वर पातळ झाकणकाच ठेवायची आणि वाट बघायची. सुरुवातीला तांबड्या पेशींची नुसती गर्दी दिसते. मग एखाद्या कोपऱ्यात पेशी अचानक हलतात, कुणीतरी ढकलल्यागत बाजूला होतात. नजर स्थिरावली की त्यांच्यामधून वळवळत जाणारा एक पारदर्शक, लांबट, दोन्ही टोकांना निमुळता जीव दिसतो. त्याच्या एका कडेने पातळ पडद्याची लाट सरकत असते आणि पुढच्या टोकाला बारीक कशाभिका फडफडत असते. लांबी मिलिमीटरचा जेमतेम चाळिसावा भाग. एका नजरेत असे दहा-वीस जीव दिसू लागले, तर घोड्याचे दिवस भरत आले असं समजावं.

एव्हान्स नुसतं बघून थांबले नाहीत. आजारी जनावराचं रक्त त्यांनी निरोगी जनावरांना टोचलं. त्यांनाही रोग झाला आणि त्यांच्याही रक्तात तेच जीव वळवळू लागले. शिवाय घोडेवाले-उंटवाले काय म्हणतात, तेही त्यांनी लिहून घेतलं. मोठ्या तपकिरी माश्या चावल्या की सर्रा होतो, असं ते लोक सांगत. या माश्या म्हणजे आपल्याकडच्या गोमाश्या. पिढ्यान्‌पिढ्या जनावरांबरोबर राहिलेल्या माणसांचं हे निरीक्षण प्रयोगशाळेत सिद्ध व्हायला आणखी वीस वर्षं लागली.

एव्हान्स यांच्या अहवालाचं स्वागत मात्र थंडपणे झालं. कलकत्त्यात टिमथी लुईस हे डॉक्टर होते. त्यांनी १८७८ मध्ये उंदरांच्या रक्तात असेच जीव पाहिले होते आणि ते उंदीर तर चांगले धडधाकट होते. तेव्हा घोड्यांच्या रक्तातले जीवही निरुपद्रवीच असणार, असा निष्कर्ष निघाला. दिसायला सारखे म्हणजे वागायला सारखे, ही समजूत तेव्हा फार पक्की होती, आणि सर्राच्या पुढच्या सगळ्या इतिहासात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो. सस्तन प्राण्याच्या रक्तातला ट्रिपॅनोसोमा, म्हणजे हाच वळवळणारा परजीवी, रोग घडवतो, हे जगात पहिल्यांदा दाखवणाऱ्या माणसाला त्याचं श्रेय मिळालं १९१७ मध्ये, लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेच्या मेरी किंग्जली पदकाच्या रूपाने. एव्हान्स दीर्घायुषी होते म्हणून ते त्यांच्या हाती पडलं. शंभरी गाठून १९३५ मध्ये ते वारले.

या परजीवीला एव्हान्स यांचं नाव दिलं ते मुंबईशी नातं असलेल्या एका पशुवैद्याने. जॉन हेन्री स्टील यांना १८८५च्या सुमारास ब्रह्मदेशातल्या लष्करी खेचरांत हाच रोग आढळला. त्यांनी परजीवीची जात ओळखण्यात चूक केली, त्याला स्पायरोकीट म्हणजे मळसूत्री जिवाणू मानलं, पण नाव देताना 'एव्हान्साय' हे विशेषण लावलं. पुढे वर्गीकरण सुधारलं तरी ते विशेषण टिकलं. म्हणूनच आजचं शास्त्रीय नाव ट्रिपॅनोसोमा एव्हान्साय. हेच स्टील १८८६ मध्ये परळला सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. तोवर घोड्यांचं औषधपाणी सलोत्र्यांच्या हाती होतं. आता इथली मुलं सूक्ष्मदर्शक वापरून जनावरांचे रोग शिकू लागली. स्टील यांना आयुष्य थोडं लाभलं, १८९१ मध्ये ते गेले, पण महाविद्यालय आजही परळलाच आहे.

मग पुणे. १८८९ मध्ये सरकारने पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या जागी, इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी ही देशातली पहिली सरकारी प्रयोगशाळा. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या विषयांपैकी एक होता सर्रा. ज्या भीमा खोऱ्यातल्या तट्टांवर मराठ्यांचं घोडदळ उभं राहिलं, त्याच मुलखात घोड्यांच्या रक्ताचा दिवसागणिक हिशेब ठेवला जाऊ लागला. लिंगार्ड यांचा घोड्यांच्या सर्रावरचा अहवाल १८९३ मध्ये मुंबईत छापून निघाला. त्याच वर्षी प्रयोगशाळा कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला, साडेसात हजार फुटांवरच्या थंड हवेत हलवली गेली. वस्तीपासून दूर राहून घातक रोगजंतूंवर काम करता यावं, हा त्यामागचा विचार होता. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचं मूळ या पुण्याच्या प्रयोगशाळेत आहे. पुण्याच्या इतिहासात तिला फार जागा मिळत नाही, ती मिळायला हवी.

लिंगार्ड यांनी दोन गोष्टी नीट पाहिल्या. सोमलाची औषधं दिल्यावर काही घोडे सुधारत. हे औषध विषारीच, तरी सर्रावर काहीतरी चालतं हे त्यातून कळलं. दुसरी गोष्ट अशी की परजीवी रक्तात रोज सारखे नसतात. ताप चढला की काचपट्टी त्यांनी भरून जाते, चार दिवसांनी शोधूनही एक सापडत नाही आणि पुन्हा ताप आला की ते हजर. या लपंडावाचा उलगडा व्हायला १९७० चं दशक उजाडलं. ट्रिपॅनोसोमाच्या अंगावर एकाच प्रथिनाचं दाट आवरण असतं. जनावराची प्रतिकारशक्ती त्या आवरणाविरुद्ध तयार होते आणि बहुतेक परजीवी मारून टाकते, पण तेवढ्यात काहींनी आवरण बदललेलं असतं. अशी निरनिराळी आवरणं तयार करणारी हजाराहून अधिक जनुकं त्याच्याजवळ साठवलेली असतात. म्हणून सर्रावर आजतागायत लस नाही.

आता आफ्रिकेकडे वळायला हवं, कारण सर्राचं मूळ तिथे आहे.

१८९४-९५ मध्ये डेव्हिड ब्रूस हे लष्करी डॉक्टर झुलुलँडमध्ये 'नागाना' या गुरांच्या रोगाचा शोध घेत होते. रोगी गुरांच्या रक्तात त्यांना ट्रिपॅनोसोमा सापडला आणि तो त्सेत्से माशीमुळे पसरतो हेही त्यांनी दाखवलं. तो ट्रिपॅनोसोमा ब्रूसाय. हिंदुस्थानातल्या सर्राचा परजीवी आणि हा, सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखे. पण हिंदुस्थानात त्सेत्से माशी नाही. मग इथे रोग पसरतो कसा? लिओनार्ड रॉजर्स यांनी मुक्तेश्वरला प्रयोग केले आणि १९०१ मध्ये उत्तर प्रसिद्ध केलं: गोमाशीने. मात्र एक फरक होता. आजारी जनावराला चावलेली गोमाशी लगेच निरोगी जनावराला चावली तर रोग लागे. तीच माशी काही दिवस ठेवून मग चावायला सोडली तर लागत नसे.

गोठ्यात गोमाशी बघितलेल्याला याचं कारण सांगावं लागत नाही. तिच्या सोंडेत धारदार पाती असतात. ती कातडी कापते आणि वर आलेलं रक्त पिते. चावा इतका झोंबतो की म्हैस शेपटी मारते, कातडी थरथरवते, पाय आपटते. पोट भरायच्या आतच माशी उडते आणि बाजूच्या जनावरावर जाऊन बसते. सोंडेला लागलेल्या रक्तात परजीवी थोडा वेळ जिवंत असतात. तेवढा वेळ त्यांना पुरतो. त्सेत्से माशीच्या पोटात मात्र ट्रिपॅनोसोमा ब्रूसाय काही आठवडे राहतो, रूपं बदलतो, वाढतो आणि तिच्या लाळग्रंथीत दोन वेगळ्या वाणांचे परजीवी एकत्र आले तर त्यांचा संकरही होतो. गोमाशीत यातलं काहीच घडत नाही. ती फक्त ने-आण करते.

ब्रूसायपासून निपजून त्सेत्सेच्या पट्ट्यातून सुटलेल्या सर्राच्या परजीवीला मग जग मोकळं झालं. उत्तर आफ्रिकेत, अरबस्तानात आणि पुढे हिंदुस्थानापर्यंत तो प्रामुख्याने उंटांच्या तांड्यांबरोबर गेला असं मानलं जातं. समुद्रापार नेण्याचं काम आगबोटींनी केलं. १९०१ मध्ये फिलिपिन्समध्ये अमेरिकन लष्कराच्या घोड्यांत सर्राची साथ आली. त्याच सुमारास मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत ओझी ओढणाऱ्या जनावरांत तो पसरला. १९०७ मध्ये हिंदुस्थानातून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट हेडलंडला पोचलेल्या उंटांत तो सापडला. तिथल्या अधिकाऱ्यांनी वेळीच पाऊल उचललं आणि ऑस्ट्रेलिया आजवर सर्रामुक्त आहे. बंदरावर जनावर बघून रोग ओळखणं कठीण, कारण गाय-बैल महिनोन्‌महिने परजीवी रक्तात बाळगूनही वरून ठणठणीत दिसू शकतात. दक्षिण अमेरिकेत तर या परजीवीला रक्त पिणारं वटवाघूळही वाहक म्हणून मिळालं. अलीकडची उदाहरणंही आहेत: १९९७ मध्ये तो कॅनरी बेटांवरच्या उंटांत आढळला, तिथून आणलेल्या उंटांमुळे २००६ मध्ये फ्रान्समध्ये आणि २००८ मध्ये स्पेनच्या मुख्य भूमीवर पोचला.

हा सगळा प्रवास कागदपत्रांत आहे तसा परजीवीच्या डीएनएतही आहे. ट्रिपॅनोसोमाच्या पेशीत केंद्रकाबाहेर डीएनएची एक वेगळी पुंजी असते. मोठी वर्तुळं काही डझन आणि लहान वर्तुळं हजारो, चिलखताच्या कड्यांसारखी एकमेकांत गुंफलेली. त्सेत्सेच्या पोटात ऊर्जा मिळवायला मोठ्या वर्तुळांतली जनुकं लागतात. रक्तात साखर मुबलक असल्याने तिथे त्यांच्यावाचून भागू शकतं. ट्रिपॅनोसोमा एव्हान्सायमध्ये ही मोठी वर्तुळं नाहीतच, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झालं. ती गेली आणि त्सेत्सेत परतण्याचा रस्ता कायमचा बंद झाला. त्सेत्से नाही म्हणजे संकर नाही. एक पेशी फुटून दोन होणं, एवढीच वाढीची रीत उरली. खरं तर या डीएनएवाचून जगणं पेशीला सोपं नाही. त्यासाठी केंद्रकातल्या एका ऊर्जानिर्मितीच्या जनुकात बदल व्हावा लागतो, आणि तसा एकच छोटा बदल पुरतो, हे २०१३ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं.

याचा परिणाम विलक्षण आहे. चीनमधली म्हैस, ब्राझीलमधला घोडा, राजस्थानातला उंट यांच्या रक्तातले परजीवी बहुतांशी एकाच वाणाचे, एकमेकांची जवळजवळ नक्कल. शास्त्रज्ञ त्याला 'ए' प्रकार म्हणतात. हजारो मैल पसरलेली ही एकाच घराण्याची संतती आहे.

पण केनियातल्या उंटांनी हे चित्र बदललं. १९९० मध्ये लहान वर्तुळांच्या रचनेवरून तिथे 'बी' नावाचा दुसरा प्रकार वेगळा ओळखला गेला. पुढे इथिओपियातही तो सापडला. संपूर्ण जनुकसंच वाचता येऊ लागल्यावर चित्र आणखी गुंतागुंतीचं झालं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दिसलं की 'ए' आणि 'बी' एकाच मुळाचे नाहीतच. ट्रिपॅनोसोमा ब्रूसायच्या निरनिराळ्या वाणांतून ते स्वतंत्रपणे निपजले. घोड्यांत समागमातून पसरणाऱ्या 'दुरीन' या रोगाचा परजीवीही असाच दोनदा वेगवेगळा जन्मला. म्हणजे त्सेत्सेला सोडून जाण्याचा प्रकार निदान चार वेळा घडला आहे. एव्हान्स, स्टील, लिंगार्ड ज्याला एक रोग, एक परजीवी समजत होते, त्यामागे अशी निरनिराळी घराणी दडलेली होती.

ही नुसती वंशावळीची हौस नाही. सर्रासाठी जगभर वापरली जाणारी रक्तचाचणी 'ए' प्रकाराच्या अंगावरच्या एका ठरावीक आवरणावर बेतलेली आहे. त्या आवरणाचं जनुक 'बी' प्रकारात नाही. त्यामुळे केनियात रक्तात परजीवी असलेले उंट या चाचणीत निर्दोष ठरले. दिसायला सारखे म्हणजे वागायला सारखे, या १८८० च्या चुकीचंच हे आजचं रूप.

महाराष्ट्राला या विषयाचा सगळ्यात मोठा धक्का बसला तो २००४ मध्ये. चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी चढउतार करणाऱ्या तापाने आजारी पडला. घरी गुरं होती. विदर्भात अशा तापाला आधी मलेरियाच समजलं जातं. पण त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा वळवळताना दिसले. नागपूरच्या डॉक्टरांनी प्रकरण हातात घेतलं, नमुने बेल्जियममधल्या अँटवर्पच्या तज्ज्ञांपर्यंत गेले आणि निदान पक्कं झालं: ट्रिपॅनोसोमा एव्हान्साय. जनावरांच्या सर्राचा परजीवी माणसाच्या रक्तात वाढल्याचा हा खात्रीने सिद्ध झालेला जगातला पहिला रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत सुरामिन हे औषध आलं आणि शेतकरी बरा झाला.

नागपूरच्या त्या डॉक्टरांचं मोठेपण यात आहे की भलतंच काही दिसल्यावर त्यांनी ते झटकून टाकलं नाही. एव्हान्स यांच्या वाट्याला आलेली उपेक्षा या रुग्णाच्या वाट्याला आली नाही.

मग प्रश्न उरला की हाच माणूस का? गुरांबरोबर राहणारी लाखो माणसं आहेत, त्यांना सर्रा होत नाही. गावातल्या १,८०६ जणांची रक्तचाचणी झाली. त्यातले ४१० जण प्राथमिक चाचणीत सकारात्मक निघाले, कसून तपासल्यावर ६० उरले, आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही रक्तात परजीवी सापडला नाही. म्हणजे काही गावकऱ्यांशी परजीवीची गाठ पडली असावी, पण तो टिकला नाही. याचं उत्तर २००६ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी दिलं. माणसाच्या रक्तात एपीओएल-१ नावाचं प्रथिन असतं. ते असे परजीवी फोडून मारतं. या शेतकऱ्याला ते बनवणारं जनुक आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून बिघडलेलंच मिळालं होतं. त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हतं. त्यामुळे ही एका माणसाची दुर्मीळ गोष्ट म्हणून फाइल बंद करता आली असती. पण २०१५ मध्ये व्हिएतनाममध्ये एका बाईला हाच संसर्ग झाला आणि तिचं जनुक व्यवस्थित होतं. म्हणून परजीवीच्या बाजूनेही बघणं भाग आहे.

महाराष्ट्रात सर्रा आहे. घोड्यांना होतो, बैलांत छुपा राहतो आणि म्हशींत कधी कधी फार झटपट काम करतो. दूध देणारी म्हैस अचानक गोल गोल फिरू लागते, डोकं भिंतीला टेकवते, थरथरते आणि काही तासांत दगावते. साप चावला, विषबाधा झाली, असे तर्क होतात आणि मूळ कारण मातीआड जातं. औषधं आहेत. १९४९ च्या सुमारास आलेलं क्विनापायरामिन आजही आपल्याकडे वापरलं जातं. पण अनेकदा नुसत्या अंदाजाने टोचून जनावर सुधारलं की काम संपलं असं धरतात. त्यात रक्ताचा नमुना घेतला जात नाही आणि आपल्या भागात कोणता वाण फिरतोय, औषधाला तो दाद देतोय का, हे कळायची एकमेव वाटही बंद होते.

म्हणून दोन मागण्या. सारंगखेड्यासारख्या घोडेबाजारात आणि पावसाळ्यानंतर गोमाश्या वाढतात तेव्हा म्हशींच्या पट्ट्यात रक्त तपासण्याची सोय सरकारने करावी, आणि सापडलेल्या परजीवीचे नमुने जनुकीय तपासणीसाठी जपून ठेवावेत. आणि ज्यांच्या दावणीला जनावरं आहेत त्यांनी, चढउताराचा ताप असलेल्या जनावराला इंजेक्शन देण्याआधी रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायला पशुवैद्याला जरूर सांगावं.